बोरिवलीचा पहिला नंबर

साताऱ्याहून माणसं काशीला जातात, रामेश्वरला जातात, हल्ली अमेरिकेतल्या मुलाकडे जातात, आणि परत आल्यावर त्याबद्दल लिहितात. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली अशी यात्रा, तीही फक्त रुग्णालयं पाहण्यासाठी करून आलेला साताऱ्याचा माणूस माझ्या माहितीत मी एकटाच. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची आहे. तेव्हा मी तिच्यावर एक अहवाल लिहिला होता. अहवालात प्रवासाचं काही लिहायचं नसतं. जे लिहायला हवं होतं तेही मी त्यात लिहिलं नाही.

इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तो वसंतामुळे. वसंत माझा शाळासोबती, मुंबईत आरोग्याच्या एका कार्यालयात अधिकारी होता. मी साताऱ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. तो गेल्या वर्षी वारला. शोकसभेत त्याचे एक जुने सहकारी म्हणाले की वसंतराव शिस्तीचे होते, रुग्णालयांतल्या आया कमी करण्याचा कटू निर्णयही त्यांनी घेतला. मागून एक म्हाताऱ्या परिचारिका मोठ्याने म्हणाल्या, "त्यांनी घेतला, भोगलं आम्ही!" वसंताचा मुलगा खाली मान घालून बसला होता. मी पहिल्या रांगेत होतो. मी उठून बोलायला हवं होतं. माझे गुडघे दुखतात हे खरं आहे, पण त्या दिवशी अडचण गुडघ्यांची नव्हती.

मुलुंड

मी पोचलो ते पावसाळ्याच्या मध्यावर. वसंताचं घर मुलुंडला, मागे डोंगर, पुढे चिखल. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला डोंगराचं अप्रूप नसतं. पण डोंगरापर्यंत इमारती चढत जाताना मी पहिल्यांदा पाहिल्या. सगळीकडे गुजराती पाट्या. भाजीवाला मराठीत भाव सांगायचा, गुजरातीत कमी करायचा. वसंताच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्यामुळे गुजराती शिकून घेतली होती.

"आमच्या वरच्या साहेबांना एवढंच कळायला हवंय," वसंत जेवताना म्हणाला, "की कुठलं रुग्णालय काम करतंय आणि कुठलं नुसतं खातंय."

"आणि कळल्यावर?"

"जे खातंय त्याला सांगायचं, कमी खा."

माझ्याकडे त्यासाठी पद्धत होती. परदेशात ती नुकतीच निघाली होती, आणि मी ती कॉलेजच्या ग्रंथालयात आलेल्या एका मासिकात वाचली होती. ती मी वहिनींना ताटावरच समजावून सांगितली. रुग्णालयात काय जातं ते लिहायचं: खाटा, डॉक्टर, परिचारिका, आया. बाहेर काय येतं ते लिहायचं: बाळंतपणं, शस्त्रक्रिया, तपासलेले रुग्ण. कशाला किती महत्त्व द्यायचं हे आपण ठरवायचं नाही. प्रत्येक रुग्णालयाला आपली प्रश्नपत्रिका आपणच काढायची मुभा. अट एकच, त्याच प्रश्नपत्रिकेत दुसऱ्या कोणाला शंभरापैकी शंभरांहून जास्त पडता कामा नयेत. इतकी सवलत देऊनही जो शंभरापर्यंत पोचत नाही, त्याचं खरंच काहीतरी चुकतंय.

"म्हणजे प्रत्येक आईला आपल्या पोराचं कौतुक करायला सांगायचं," वहिनी म्हणाल्या, "आणि मग शेजारणीला विचारायचं."

"जवळजवळ तसंच."

"मग साताऱ्याहून माणूस कशाला आणवलात?" त्यांनी वसंताला विचारलं आणि मला आमटी वाढली.

मुलुंडचं रुग्णालय छोटं आणि अतिशय स्वच्छ होतं. तिथले मुख्य डॉक्टर मला अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे कोणी दगावत नाही."

"कसं काय?"

"गंभीर वाटलं की आम्ही लगेच गाडीत घालतो आणि मोठ्या रुग्णालयात पाठवतो."

"तिकडे दगावतात?"

"ते त्यांच्या आकड्यांत जातं."

मी मान डोलावली आणि मृत्यूच्या जागी शून्य लिहिलं. शून्य अगदी गोल आलं होतं.

घाटकोपर

घाटकोपरचं रुग्णालय टेकडीच्या पायथ्याशी, वस्तीला खेटून. दारापासून रस्त्यापर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. आमच्याकडे डॉक्टर आठवड्याचं औषध एकदम देतात, कारण माणूस खेड्यातून येतो आणि परत कधी येईल सांगता येत नाही. इथे एका दिवसाचंच मिळे. त्यामुळे तोच माणूस उद्या पुन्हा येई आणि पुन्हा मोजला जाई. बाह्यरुग्णांच्या संख्येत घाटकोपरचा हात धरणारं कोणी नव्हतं.

कार्यालय कुठे आहे हे विचारायला मी रांगेत उभा राहिलो, ही चूक झाली. खिडकीपाशी पोचलो तेव्हा मला नाव, वय आणि बाटली विचारण्यात आली.

"मी पाहणीसाठी आलोय," मी म्हणालो.

"सगळे तपासणीलाच येतात," खिडकीतले गृहस्थ म्हणाले. "बाटली नाही आणली? अहो मावशी, यांना एक बाटली द्या कोणीतरी. म्हातारा भिजलाय."

मी तेव्हा पन्नाशीचा होतो. लाल औषध घेऊन बाहेर पडलो. रात्री वहिनींनी विचारलं तेव्हा एक घोट घेऊन पाहिला; घसा खरोखर मोकळा झाला. घाटकोपरच्या त्या दिवसाच्या रुग्णांत मी एक आहे. अहवालातून मी स्वतःला वजा केलं नाही.

अंधेरी

अंधेरी सगळ्यांत मोठं. सिनेमाच्या मोठमोठ्या पाट्या, त्यांच्याखाली कारखान्यांतून सुटलेली माणसं, आणि या सगळ्यातून वाट काढत मी. एका इराण्याकडे ब्रून मस्का खाल्ला. साताऱ्याचे कंदी पेढे जगात कुठे मिळत नाहीत असं आम्ही म्हणतो, पण कुरकुरीत पावावर लोणी फासायचं साताऱ्यात कोणाला सुचलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

रुग्णालयाच्या पडवीत आया बसल्या होत्या. एक तांदूळ निवडत होती, एक दुसरीची वेणी घालत होती. मला पाहून त्यांतली थोराड बाई म्हणाली, "साहेब, आमाला मोजायला आला का?"

"सगळ्यांनाच मोजतोय."

"मग उठा गं. बसलेल्या कमी भरतो आपण."

सगळ्या उठून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मी मोजलं. तेवढ्यात फाटकातून टेम्पो आत आला, मागे एक बाई विव्हळत होती. तांदळाचं सूप खाली पडलं. मी वर पाहीपर्यंत दोघींनी बाईला उचललं होतं, तिसरी चाकाची खुर्ची पळवत होती, चौथी टेम्पोवाल्याला शिव्या देत होती. पडवीत मी एकटा उरलो. माझ्या वहीत तोवर 'आया बसून असतात' हे लिहून झालं होतं. शाई वाळली होती.

बोरिवली

बोरिवलीला रिक्षावाल्याने मला खाडीच्या अलीकडेच उतरवलं. पुढे चिखलात गाडी घालायची त्याची तयारी नव्हती. "पुढे चालत जावा, वाट लागली आहे रस्त्याची," तो म्हणाला. मी निम्म्या वाटेत घसरलो आणि एका बाजूने काळा होऊन रुग्णालयात शिरलो. किनाऱ्यावर होड्या ओढून, शाकारून ठेवल्या होत्या. पावसात समुद्र बंद.

ते छोटं बाळंतपणाचं रुग्णालय होतं, बहुतेक बायका खाडीपलीकडच्या आणि आसपासच्या कोळीवाड्यांतल्या. मेट्रन होत्या पेडणेकरबाई. मालवणच्या. साठीकडे झुकलेल्या, ताठ. त्यांनी माझ्याकडे आधी पायांपासून पाहिलं.

"खयच्या गटारात पडलात?"

"साताऱ्याहून आलोय," मी म्हणालो. त्या वेळी हेच उत्तर सुचलं.

त्यांनी मला पाणी, टॉवेल आणि रुग्णाचं एक धुवट लुगडं कमरेला गुंडाळायला दिलं. बोरिवलीची सगळी पाहणी मी लुगड्यावर केली. कोणी हसलं नाही. कोणाला वेळ नव्हता.

आत मी जे पाहिलं ते आमच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. साताऱ्यात पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्यात आई बसते, आणि सासू नंतर येऊन नातवाचं नाक कोणावर गेलंय ते सांगते. इथे माहेर आणि सासर एकाच आळीत, त्यामुळे हक्काने सासू येई. आणि ती बसत नसे. कासोटा खोचलेल्या सासवा फरशी पुसत होत्या, बादल्या उचलत होत्या, पाणी तापवत होत्या. एकीने माझ्यादेखत दुसऱ्याच कोणाच्या सुनेला उचलून खाटेवर ठेवलं. आया म्हणून नेमलेली एकच बाई होती, आणि ती रजेवर होती.

हिराबाय नावाची सासू माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिचा मोठा अंबाडा, त्यात फूल, हातात ओलं फडकं.

"कोन रं तू? काय लिवतंस?"

"इथे काम कसं चालतं ते."

"आमी चालवतंव. लिव." ती हसली. "होऱ्या किनाऱ्याला लागल्यान. घरान काय काम नाय. नारली पुनव झाली का मासली, बाजार, सुकवन. मग कोन येतंय फरशी पुसाला?"

"मग तेव्हा कोण पुसतं?"

"ही म्हातारी," हिराबायने पेडणेकरबाईंकडे हनुवटी केली. "आनि देव."

"देव येणा नाय," पेडणेकरबाई म्हणाल्या. "मी एकटीच असतंय."

दुपारी त्या सगळ्यांनी मागच्या पडवीत मला जेवू घातलं. तांदळाची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील, कांदा. मटणावर वाढलेला माणूस मी. बोंबलाचा वास पहिल्या घासाला नाकात बसला आणि चौथ्या घासाला मी आणखी मागितला. हिराबाय म्हणाली, "ह्याला दे गं, लुगड्यातला पावना हाय." तेव्हा मात्र सगळ्या हसल्या.

निघताना पेडणेकरबाई फाटकापर्यंत आल्या. माझी विजार वाळली नव्हती. ओलीच चढवली होती.

"प्रोफेसर, एक काम करा," त्या म्हणाल्या. "मी वरती लिहून लिहून दमले. मला आया हव्यात. तुम्ही फक्त एवढंच लिहा की इथली कामं सासवा करतात, आणि त्या दर्या उघडला की जातात. दुसरं काही चांगलं लिहू नका. एवढंच लिहा."

"लिहितो," मी म्हणालो.

पुन्हा मुलुंड

आकडेमोड वसंताच्या घरी केली. पहिल्या दिवसाच्या शेवटी उत्तर आलं: चारही रुग्णालयं शंभरापैकी शंभर.

वसंताने कागद उलटसुलट पाहिला. "काय रे, परीक्षा घेतलीस की सत्यनारायणाचा प्रसाद वाटलास?"

पद्धतीत हा दोष आहे. रुग्णालयं थोडी आणि रकाने फार असले की प्रत्येकाला पहिला येण्यासाठी एखादा विषय सापडतोच. मुलुंडला मृत्यू, घाटकोपरला बाटल्या. रकाने कमी करणं भाग होतं. मृत्यू काढला. बाह्यरुग्ण काढले. उरल्या खाटा, पगारी माणसं आणि बाळंतपणं. पुन्हा मांडलं, आणि बोरिवली एकटं शंभरावर उभं राहिलं. बाकीचे तिघे खाली. अंधेरी सर्वांत खाली.

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मला ती बाई आवडली होती. बोंबीलही आवडले होते.

"सासवांचं काय करू?" मी वसंताला विचारलं.

"कुठल्या रकान्यात घालणार?"

"माणसं."

"पगार नाही त्यांना."

"मग वेगळा रकाना करतो."

"मग पुन्हा सगळे शंभर होतील. बघ बाबा, तुझी पद्धत, तू ठरव. मला त्यातलं कळत नाही."

हे शब्द मी मुद्दाम जसेच्या तसे देतो. वसंत म्हणाला, तू ठरव. आणि मी ठरवलं. सासवा आकड्यांत आल्या असत्या तर बोरिवलीचा पहिला नंबर डळमळला असता, आणि माझा निष्कर्ष गुळमुळीत झाला असता. निदान शब्दांत तरी त्यांचा उल्लेख करता आला असता. त्याऐवजी मी लिहिलं: 'बोरिवलीने सिद्ध केलं आहे की अत्यल्प आयांवर उत्तम काम होऊ शकतं, इतर रुग्णालयांनी हा आदर्श समोर ठेवावा.' पेडणेकरबाईंवर उपकार केले अशा समजुतीने मी साताऱ्याला परतलो. सोबत वहिनींनी खाकरे दिले होते.

बोरिवली, हिवाळ्यात

काही महिन्यांनी वसंताने बोलावून घेतलं. बोरिवलीला पहिल्या नंबराची ढाल द्यायची होती आणि पद्धतीच्या जनकाने हजर राहावं असं साहेबांचं म्हणणं होतं. मी जनक नव्हतो, पण हजर राहिलो.

या वेळी चिखल नव्हता. होड्या जागेवर नव्हत्या. किनाऱ्याने बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, जबडे एकमेकांत अडकवून, तोरणासारखे. त्यांच्याखाली बायका टोपल्या उचलत होत्या. हिराबायने मला ओळखलं आणि हात केला, पण थांबली नाही.

अंगणात चार खुर्च्या आणि एक टेबल होतं. पेडणेकरबाई ताठ उभ्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. साहेबांनी ढाल पुढे केली. त्यांनी ती डाव्या हाताने घेतली. लाकडी ढाल, वर पितळी पत्रा, वजनदार. टाळ्या झाल्या. साहेबांनी भाषणात सांगितलं की बोरिवलीच्या धर्तीवर अंधेरीत आणि इतरत्र आया कमी करण्यात आल्या आहेत, आणि बोरिवलीने ज्या जादा आया मागितल्या होत्या त्यांची आता गरज उरलेली नाही हे गणितानेच दाखवून दिलं आहे.

गाड्या गेल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो.

"हाताला काय झालं?"

"हिराबायच्या धाकट्या सुनेला उचलत होते. उचलली. ती बरी आहे, मुलगा झाला. मी पडले."

"प्लास्टर कुठे घातलं?"

"अंधेरीला. खुर्ची ढकलायला कोण नव्हतं. दुपारपर्यंत बाकावर बसले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेही आमच्यासारखेच झालेत आता."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "माका भाषण नको. अजून लिहिता येतं ना तुम्हाला? तेव्हा सांगितलं होतं तेवढंच लिहा."

मी 'हो' म्हणालो. दुसऱ्यांदा.

फाटकाकडे वळताना खाडीवरून वारा आला. बाळंतपणाच्या खोलीचं दार आपटत होतं आणि आत कोणाचं तरी मूल दचकून रडत होतं. पेडणेकरबाईंनी ढाल पायाने सरकवत नेली आणि दाराला अडसर म्हणून लावली. दार थांबलं. मूलही थांबलं. ढालीचा मला ठाऊक असलेला उपयोग एवढाच.

मुलुंड, शेवटचं

त्या रात्री मी वसंताला सगळं सांगितलं. त्याने अहवालाची प्रत काढून शेवटचं पान उघडलं. मग म्हणाला, "अहवाल तुझ्या सहीचा आहे. दुरुस्ती तू लिहून दे, मी उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवतो. मला बोलणी बसतील, बसू देत."

मी म्हणालो, साताऱ्याला गेल्यावर नीट लिहून पाठवतो.

साताऱ्याला गेल्यावर मला एका परिषदेत बोलायचं होतं. विषय हीच पद्धत, उदाहरण बोरिवलीचं. दुरुस्ती दिली असती तर उदाहरण गेलं असतं. परिषदेत लोकांना ते फार आवडलं. एकाने विचारलं, इतक्या कमी माणसांत हे त्यांना जमतं कसं? मी म्हणालो, चोख नियोजन.

वसंताने त्यानंतर कितीतरी वेळा विचारलं, "अरे, ती दुरुस्ती?" मग त्याने विचारणं सोडलं. आया गेल्या त्याचा दोष कार्यालयात त्याच्या नावावर जमा झाला, कारण हुकमावर सही त्याची होती. त्याने एकदाही माझं नाव घेतलं नाही. दर दिवाळीला मात्र त्याच्याकडून खाकरे येत राहिले.

शोकसभेनंतर मी मुलुंडला त्याच्या घरी गेलो. इमारती आता डोंगरावर चढून पलीकडे उतरल्या आहेत. वहिनी थकल्या आहेत. त्यांना ऐकू कमी येतं. मी वसंताच्या मुलाला हे सगळं सांगितलं, बोंबलांसकट.

"बाबांना माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही तिथे सभेत बसून होता."

"हो."

तो उठून आत गेला. मला वाटलं, आता जा म्हणेल. तो पाण्याचा पेला घेऊन आला, माझ्यासमोर ठेवला. "काका, मला सांगून काय उपयोग? जिथे लोक वाचतील तिथे लिहा."

"काय रे, काय म्हणतायत भावजी?" वहिनींनी आतून विचारलं.

"दुरुस्ती देतायत, आई."

"आत्ता?" वहिनी म्हणाल्या. त्यांना सगळं ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू गेलं होतं.

तर ती दुरुस्ती अशी. बोरिवलीचं रुग्णालय कमी आयांवर चालत नव्हतं. ते सासवांवर चालत होतं, आणि तेही फक्त पावसाळ्यात. उरलेलं वर्ष ते पेडणेकरबाईंच्या उजव्या हातावर चालत होतं. अंधेरीच्या आया बसून असत त्या फाटकाकडे तोंड करून. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, मला तोंडी सांगितलंही गेलं होतं, आणि मी ते गाळलं. वसंताने गाळलं नाही. बोरिवलीला आया द्याव्यात.